झुंबरबाईचा राब

आमच्या वाडीत सगळ्यात जास्त बोलतं कोण, तर झुंबरबाई. आणि सगळ्यात कमी माणसं कुणाच्या दारात जातात, तर तिच्याच. तसं कुणाचं तिच्याशी वाकडं नाही. तरणी पोरं-पोरी सकाळीच मळवलीहून गाडी पकडून कामाला जातात, बापे कंपनीत नाहीतर कुठल्यातरी बंगल्यावर, आणि माझ्यासारख्या बाया वर लोहगडवाडीत टपऱ्या टाकून बसतात. दिवसभर वाडीत कुत्री, कोंबड्या आणि झुंबरबाई.

मी मंगल. गडाच्या पायऱ्यांखाली माझी टपरी आहे. कांदाभजी, पिठलं-भाकरी, लिंबू सरबत. फाटक्या तोंडाची म्हणून मला अख्खा गाव ओळखतो, आणि ते खोटं नाही. भज्याला नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी ताटावरून उठवलंय. त्यामुळं मी हे गोड करून सांगेन अशी आशा कुणी धरू नका.

झुंबरबाई पवनेच्या अंगानं, डोंगराच्या पलीकडून लग्न होऊन इथं आली. नवरा बहिरू खाणीवर दगड फोडायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा चाकणला एका खोलीत बायको-पोरांसकट राहतो. त्याला आईला न्यायचंय, पण रात्री पाय पसरायला जागा नाही, आणि आईला तर जायचंच नाही. मुलगी शालू घाटाखाली कर्जतकडं दिली, ती दिवाळीला येते. मधले सगळे दिवस म्हातारी आणि भिंती.

गडाला जाणारी पुण्या-मुंबईची पोरं तिच्या दारावरून जातात. ती ओट्यावरून हाक मारते, "आरं बसा की जरा, पानी तरी प्या." पोरांना वाटतं, म्हातारी पाणी विकायला बसलीय. "नको मावशी, आहे आमच्याकडं," म्हणून बाटली दाखवतात आणि चालू पडतात. संध्याकाळी मी टपरीवरून उतरले की ही माझ्याकडं मीठ मागायला हजर. तिच्या घरात मिठाचा पुडा असायचा, मी डोळ्यांनी बघितलेला. तरी मी द्यायचे. मग मीठ मुठीत धरून तासभर दारात उभी. कुणाची कोंबडी कुणाच्या परड्यात शिरली इथपासून सुरुवात, ती संपायचं नावच नाही. मी भांडी घासत "हं, हं" करायचे. खोटं कशाला बोलू, निम्मं माझ्या कानात शिरायचंच नाही.

वर्षातला एक काळ मात्र उलटा असायचा. आमच्याकडं भाताचं रोप भाजलेल्या जमिनीत करतात. उन्हाळ्यात खाचराच्या कडेच्या एका तुकड्यावर आधी वाळकं शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यावर चाळलेली माती. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. मातीच्या थरामुळं ते भडकत नाही, आत धुमसत राहतं. तणाचं बी मरतं, ढेकूळ मऊ होतं, राख खताला होते. ह्याला राब म्हणतात. पाऊस लागला की ह्या जागेत बी टाकायचं, आणि रोप वीतभर झालं की उपटून, मुठी बांधून खाचरात लावायचं. ती आवणी.

पूर्वी प्रत्येक घराचा राब वेगळा असायचा. आता कुणाला वेळ आहे? घरात खायला इंद्रायणी तांदूळ मात्र आपल्याच खाचरातला पाहिजे. मग वाडीतल्या पाच-सहा घरांचं रोप झुंबरबाईच्या घरामागच्या तुकड्यात व्हायला लागलं. बी ज्याचं त्यानं द्यायचं, रोप तिनं वाढवायचं. मोबदला म्हणून रीत एवढीच, की आवणी पहिली तिच्या खाचरात. त्या दिवशी सगळी घरं मिळून तिचं खाचर लावायची, दुपारी तिच्याकडं जेवायची, आणि मग आपापलं रोप घेऊन आपापल्या शेतात. पंधरा-वीस माणसं तिच्या घरी! म्हातारी त्या दिवशी लुगड्याचा काष्टा असा आवळायची की जणू तिच्याच घरचं लग्न. बांधावर उभी राहून सगळ्यांना शिव्या हासडायची, "तुज्या बापानं लावलं हुतं का असं वाकडं!" कुणाला राग यायचा नाही.

म्हणजे तिच्या राबातलं रोप ही तिच्या दारात माणसं यायची एकुलती एक वाट. ते रोप बिघडलं तर त्या एका दिवशीही तिच्याकडं यायचं कुणाला कारण उरणार नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांमागं राबाला माल मिळेना झाला. वाडीतली गुरं एकेक करून गेली, कोण चारणार त्यांना? गुरं गेली की शेण गेलं. फांद्या छाटायला रानात जावं तर वनखात्याचा माणूस हटकतो. गायरानाकडं जायची जुनी वाट बंगल्याच्या भिंतीत गेली. त्या बंगल्यांच्या आवारात ढीगभर पाला पडतो, तो माळी काळ्या पिशव्यांत भरतात आणि कचऱ्याची गाडी घेऊन जाते. झुंबरबाई गेली होती एका बंगल्यावर पाला मागायला. वॉचमननं फाटकातूनच सांगितलं, साहेबांना विचारावं लागेल. साहेब मुंबईला. ती परत आली आणि माझ्या टपरीवर येऊन म्हणाली, "पाला मागितला गं मी, त्येंच्या झाडाची फळं न्हाई." मी म्हणलं, "मावशी, आता ट्रेमधलं रोप मिळतं विकत, तेच आणा सगळ्यांनी." तिचा चेहरा असा उतरला, की मी तिच्यापुढं भज्यांची बशी सरकवली.

आणि तिथं पप्पू मधे आला.

पप्पू आमच्याच वाडीतल्या मारुतीभाऊंचा पोरगा, टेम्पो चालवतो. परंदवडीकडं एका कागदाच्या कारखान्यातला नको असलेला माल उचलायचं काम त्याच्या शेठनं घेतलेलं. पोरगा मनानं वाईट नाही, हे मी आधीच सांगते, कारण पुढं मी त्याच्या नावानं बोटं मोडणार आहे. वैशाखात एका दुपारी तो झुंबरबाईच्या दारात टेम्पो लावून म्हणाला, "आजी, राबाला जळण पायजे ना? हे बघा. फुकट." मागं गच्च भरलेल्या गोण्या. आत चुरगळलेली पाकिटं, चकचकीत कागद, चिंध्यांसारखं काहीतरी, पातळ प्लास्टिकचे गुंताडे. सगळं सुकं, हलकं.

"जळंल का रं हे?" तिनं विचारलं.

"जळंल? आजी, भट्टीवाले ह्याच्यावर विटा भाजायचे."

तो तीन-चार खेपा करून गेला. दर खेपेला ती त्याला चहा पाजायची, बसवून घ्यायची, त्याच्या लग्नाचं विचारायची. मला तर वाटतं, गोण्यांपेक्षा तिला पप्पूचं येणंच हवं होतं. शेठनं सांगितलं असतं दगड टाकून ये, तरी तिनं दगडसुद्धा उतरवून घेतले असते.

आता राब रचणं हे एकट्यानं करायचं कामच नाही. आम्ही लहान असताना राब रचताना सात-आठ बाया भोवती असायच्या आणि प्रत्येकीचं तोंड चालू. "ए, शेण जास्त झालं." "पाला वला हाय, धूर धरंल." "माती जाड टाकली, आग गुदमरंल." कुणी कुणाचं ऐकायचं नाही, पण सगळ्यांच्या आरडाओरड्यातून राब नीट उतरायचा. त्या घोळक्यातली एखादी तरी म्हणालीच असती, "अगं, प्लास्टिक जमिनीवर जाळतीस? येडी का खुळी?" पण झुंबरबाई एकटी होती. तिनं शेणाच्या जागी ती पाकिटं पसरली, फांद्यांच्या जागी चिंध्या आणि गुंताडे, वर कुठून कुठून गोळा केलेला मूठभर पाला, वर चाळलेली माती. रीत सगळी बरोब्बर. माल तेवढा भलताच.

तिनं पेटवला तो रविवार होता. टपरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खालून काळा धूर आला आणि असा घाण वास, की गिऱ्हाइकांनी नाकाला रुमाल लावले. एकजण मला म्हणाला, "काकू, गावाकडं पण हवा खराबच की." मी त्याच्यावरच खेकसले. मला वाटलं, कुणीतरी बंगलेवाला टायर जाळतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर जाताना बघितलं तर म्हातारी राबात उकिडवी बसून काठीनं काहीतरी फोडत होती. राखेचा मऊ पापुद्रा यायचा तिथं काळी खपली आली होती, मधे मधे मिऱ्यांएवढे काळे मणी. मला म्हणाली, "लय ग्वाड जळलं गं, पार खालपतूर." तिचे डोळे लाल झाले होते आणि ती खोकत होती. मी म्हणलं, "औषध घे," आणि गेले माझ्या वाटेनं.

पाऊस लागला, बी पडलं. आठ-दहा दिवसांनी बघावं तर सगळ्या राबावर जुनी लुगडी पसरलेली, कडेनं दगड ठेवलेले. मी बांधावरून ओरडले, "हे काय गं, रोपाला थंडी वाजती का?"

"पाखरं टिपत्यात बी," ती म्हणाली. "रोप झ्याक हाय. तू जा टपरीला."

आता पाखरं बी टिपतात ते पेरल्या पेरल्या. रोप वर आल्यावर कशाला टिपतील? पण मी गेले. बाकीचे विचारायचे, "मावशी, रोप कसंय?" ती म्हणायची, "झ्याक." घरी राखून ठेवलेलं तिचं स्वतःचं बियाणंही तिनं गुपचूप त्यात दुसऱ्यांदा टाकलं, हे मला मागाहून कळलं. रोज दिवस उगवायला ती लुगड्यांची टोकं उचलून बघायची आणि परत झाकायची.

शेवटी मारुतीभाऊंनीच एक दिवस लुगडं उचललं. खाली टक्कल पडल्यासारखी जमीन, मधे मधे पिवळट सुया. ओढलं की मुळाशी काळ्या गाठी. मारुतीभाऊ म्हणजे पप्पूचे वडील, शांत माणूस. त्यांनी लुगडं परत होतं तसं पसरलं, दगड ठेवला, आणि म्हणाले, "जाऊ दे मावशी. वय झालं आता तुमचं." मग त्यांनी फोन लावला. चार दिवसांनी ट्रेमधलं रोप येणार, बरोबर लावणीचं यंत्रही. सगळ्या घरांनी होकार कळवला, मोबाइलवरच. कुणी चिडलं नाही, कुणी बोललं नाही, कुणी तिच्या दारापर्यंत गेलंही नाही.

मी गेले, पण मी गेले गोण्यांसाठी. एक गोणी तिच्या परड्यात उरली होती. त्यातली दोन-चार पाकिटं मी टपरीवर आणली. पुण्याची एक चष्मेवाली पोरगी सरबत प्यायला बसली होती, तिला म्हणलं, "बाळ, काय लिहिलंय गं ह्यावर?" तिनं उलटंपालटं करून बघितलं. "काकू, हे तुमच्याकडं कुठून आलं? हे तर युरोपातलं आहे. हे मांजराचं खाणं. आणि हे कुरिअरचं पाकीट, ह्याच्यावर कुणाचा तरी घरचा पत्ता आहे. मार्था अमुकतमुक." तिनं मोबाइल काढून फोटो घेतला. मला नव्हता घ्यायचा फोटो, मला पप्पू पाहिजे होता.

पप्पूला मी संध्याकाळी वाडीच्या तोंडावर अडवलं. टेम्पोपुढं उभीच राहिले.

"मंगलमावशी, बाजूला हो की!"

"आधी सांग, हे काय आणून ओतलंस म्हातारीच्या राबात?"

तो खाली उतरला. बिचाऱ्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. जेवढं होतं तेवढं त्यानं सांगितलं. "कारखान्यात ते रद्दी म्हनून येतं मावशी. परदेशातनं, जहाजानं, न्हावाशेवाला. गठ्ठा फोडला की कागद निघतो आनि असला कचरा बी निघतो. कागद शिजवून खोकी करत्यात. हे उरतं. आधी भट्टीवाले न्यायचे जळणाला, मग तिकडं बी बोंबाबोंब झाली. शेठ म्हनला, कुटं बी खाली कर, फकस्त रस्त्याला दिसू देऊ नको. आजीला जळण मिळंना, म्हनलं तिचं तरी काम हुईल."

"आणि कागदावर काय लिहीत असतील? कचरा पाठवला म्हणून?"

"कागदावर रद्दीच असतीय," पप्पू म्हणाला.

बघा म्हणजे कसं आहे. तिकडं कुणी मार्था असेल, तिनं पाकीट घडी घालून बरोब्बर त्या त्या डब्यात टाकलं असेल आणि आपण धरतीमातेवर उपकार केले म्हणून निवांत झोपली असेल. तिथल्या व्यापाऱ्यानं ते रद्दी म्हणून विकलं. आमच्या कारखान्यानं रद्दी म्हणून घेतलं. शेठनं ओझं म्हणून उचललं, पप्पूनं उपकार म्हणून आणलं. त्या रद्दीची खोकी होतात, त्याच खोक्यांतून बंगल्यांवर सामान येतं, आणि तीच खोकी इथला माल भरून परत मार्थाच्या देशालाही जात असतील. सगळ्यांचे हात कोरडे. ओला झाला तो एका म्हातारीचा पदर, जिला ह्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. माझं डोकं नुसतं भणभणलं. पण ओरडणार कुणावर? पप्पू समोर होता, त्याला चार शिव्या घातल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यानं काय होतंय!

ट्रेचं रोप आलं त्या दिवशी पाऊस मरणाचा कोसळत होता. गडावर चिटपाखरू नाही, म्हणून मी दुपारीच टपरी झाकली आणि खाली आले. मारुतीभाऊंच्या खाचरात यंत्र चाललं होतं, घुर्रघुर्र. यंत्रावर एक परका माणूस, बांधावर दोघं-तिघं छत्र्या घेऊन. तासाभरात खाचर लावून मोकळं. आणि झुंबरबाईच्या कौलांतून धूर येत होता.

आत गेले. पडवीत सतरंज्या अंथरलेल्या, ताटं पालथी घातलेली, तांबे भरलेले. चुलीपाशी मोठ्या पातेल्यात सुकटीचं कालवण, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्यांची चवड. म्हातारी पाटावर बसलेली, काष्टा आवळून.

"मावशी, हे कुणासाठी?"

"आज आवनी न्हवं का."

"अगं, पण तुला ठाऊक आहे ना, की..."

"ठाव हाय मला." ती यंत्राच्या आवाजाकडं कान देऊन बसली होती. "रोप गेलं ते गेलं. म्हनलं, जेवाया न्हाई तर न्हाई, शिव्या द्याया तरी येत्याल. येवड्या घरांचं बी नासलं म्या. कुनीतरी दारात हुबं ऱ्हाऊन माजा उद्धार करंल. मानूस शिव्या देऊन दमतं, मंग बसतं, मंग म्हनतं, वाढ काय हाय ते." ती थांबली. ती बोलता बोलता थांबलेली मी पहिल्यांदा बघितली. "मंगल, कुनी भांडाया सुदिक आलं न्हाई गं."

 समजूत घालायला जावं तर मला ते येत नाही, कधी आलंच नाही. मला येतं ते एकच. मी छत्री आपटली आणि सुरू झाले.

"येतील कशाला? अक्कल गहाण ठेवली होतीस का गं म्हातारे? प्लास्टिक जाळलंस राबात! बाप-आज्यापासून राब करतीस, नाकाला वास नाही आला? आणि वरून लुगडी पांघरून ठेवलीस! झ्याक म्हणे झ्याक! मुळाला गाठी आल्या आणि हिचं झ्याक!"

 मग तिच्या नाकपुड्या फुगल्या. "तू मला शिकीवतीस? सांगनार कोन हुतं मला? हितं दिसभर वाऱ्याशी बोलते मी! त्यो मानूस फुकट देतोय, म्या म्हनलं जळान हाय. कुनी आलं का विचाराया, झुंबर, राबाला काय घातलंस?"

"लुगडं उचलल्या दिवशी तरी बोलायचंस!"

"कुनापाशी? तुज्यापाशी? तू भांडी घासत हं हं करतीस!"

ते लागलं मला. पण भांडण एकदा उतरणीला लागलं की थांबत नाही. तिनं माझ्या भज्यांचा, माझ्या सासूचा, माझ्या सरबताच्या मापाचा सगळा हिशेब काढला, मी तिच्या मिठाचा काढला. परदेशातली ती पाकिटंही निघाली. मी म्हणलं, "ती मार्था तिकडं मांजराला पाकिटातलं खाऊ घालतीय आणि इथं तुझ्या मुळाला गाठी!" तशी ती म्हणाली, "मांजराला येवडं खायाला घालती म्हंजे येकटी असंल ती बी." मी दोन पालथी ताटं सुलटी केली.

मग आम्ही जेवलो. दोघींनी मिळून त्या चवडीतल्या किती भाकऱ्या संपणार? बाकीच्या तशाच राहिल्या.

जेवताना ती सारखी मागच्या दाराकडं बघत होती. म्हणलं काय आहे, तर म्हणाली, राबाचा खालचा कोपरा फुटेल. गेले किती दिवस ती तिथं चिखलाचा बांध घालून पाणी अडवत होती, राबातलं पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून. मला वाटलं होतं, ती रोप वाचवायला झटतेय. आम्ही डोक्यावर पानांची इरली घेऊन मागं गेलो. खरंच, बांध पाझरत होता, आणि त्या कोपऱ्यात सगळा काळा मणी गोळा होऊन तरंगत होता.

"ही माती खरवडून काडली पायजे," ती म्हणाली आणि फावडं उचललं.

"वेडी का तू? फोड तो बांध. पावसानं जाईल सगळं वाहून ओढ्याला. उद्या काही दिसणार पण नाही."

"आनि खाली?"

"खाली काय?"

"खाली मळवलीची मानसं हायती. त्येंच्या खाली इंद्रायनी. तिच्या खाली बी कोन ना कोन असंलच."

"मग काय झालं? सगळ्यांनी असंच केलंय की! त्या बाईनं डब्यात टाकलं, जहाजानं इकडं आणलं, कारखान्यानं पप्पूला दिलं, पप्पूनं तुला. प्रत्येकानं पुढं ढकललं. तूही ढकल पुढच्यावर!"

ती चिखलात उभी होती, इरल्यातून पाणी गळत होतं. रागानं बोलली नाही. सांगायचं तेवढं सांगितलं. "मी न्हाई बाय ढकलत."

मग आम्ही घमेली भरायला लागलो. ओली माती, मेली शिशासारखी जड. पहिलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि मी विचारलं, "आता टाकू कुठं हे? उघड्यावर टाकलं तर परत पावसात वाहणार." परड्यात छप्पर नाही. गोठा केव्हाच पडलेला. मारुतीभाऊंच्या शेडमध्ये टाकायचं म्हणलं तर ते नाही म्हणणार नाहीत, पण ती तयार होईना. दुसऱ्याच्या दारात नको, म्हणाली.

"मग तुझ्या उरावर टाकू का?" मी ओरडले.

ती पुढं झाली. पडवीतल्या सतरंज्या गुंडाळल्या, पालथी ताटं उचलून आत नेली, तांबे रिकामे केले. सारवलेली लांबलचक पडवी, एका वेळी दोन पंगती बसतील अशी. तिनं कोपऱ्यापासून जागा दाखवली.

"हितं टाक."

"मावशी, पडवीत?"

"टाक गं," झुंबरबाई म्हणाली. "हितं आता कोन बसतंय?"

मी घमेलं धरून तशीच उभी राहिले. हात भरून आले तेव्हा ओतलं. त्या दिवशी खालचा कोपराच खरवडून झाला, बाकीच्या राबाला पुढं बरेच दिवस लागले. अंधारून आलं तोवर पडवीच्या कोपऱ्यात कमरेएवढा ढीग झाला होता, त्यातून काळं पाणी निथळत होतं आणि ती फडक्यानं ते टिपत होती. मी पाय धुतले. ढिगाला लागून भिंतीकडेला वीतभर जागा होती, मुद्दाम तिथंच बूड टेकलं, आणि चहा टाक म्हणून तिच्यावर ओरडले.